न्यायाच्या कचेरीतली माणसे
कुलाबा ते रायगड : तालुका न्यायालयाच्या सेवकवर्गाची वाटचाल

रोहा तालुक्यातले खांब हे मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणे आणि कोलाड यांच्या दरम्यान वसलेले गाव. इथल्या शेतकऱ्याचा बांधाचा, वाटपाचा किंवा वहिवाटीचा वाद गावकीत मिटला नाही, की त्याला रोह्याची वाट धरावी लागते. रोह्याला दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर आणि प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी यांचे न्यायालय आहे. त्यावर अलिबागचे जिल्हा न्यायालय आणि त्याहीवर मुंबईचे उच्च न्यायालय. खांबच्या पक्षकाराची न्यायाधीशांसमोर उभे राहण्याची वेळ मोजकीच असते. बाकीची सारी वर्षे त्याचा संबंध येतो तो दावा दाखल करून घेणाऱ्या लिपिकाशी, तारीख सांगणाऱ्या बेंच क्लार्कशी, पैसे भरून घेणाऱ्या नाझराशी, नक्कल देणाऱ्या विभागाशी आणि समन्स घेऊन दारात येणाऱ्या बेलिफाशी.

स्मरणिकांमध्ये न्यायाधीशांच्या नावांची यादी येते, इमारतीचा इतिहास येतो, नामवंत वकिलांच्या आठवणी येतात. या लिपिक-बेलिफांचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो. न्यायालयात माणसे किती आहेत, ती कशी निवडली जातात, त्यांना काय शिकवले जाते आणि बढतीची वाट त्यांना मोकळी आहे की नाही, यावर न्याय वेळेवर मिळणे अवलंबून असते. म्हणून आपल्या जिल्ह्यातल्या न्यायालयांची वाटचाल इथे सेवकवर्गाच्या अंगाने मांडली आहे.

घडण

आंग्र्यांचे कुलाबा संस्थान १८४० मध्ये कंपनी सरकारने खालसा केले. पुढे १८६९ मध्ये कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला. योगायोगाने त्याच वर्षी मुंबई इलाख्यातील दिवाणी न्यायालयांचा कायदा, म्हणजे १८६९ चा चौदावा अधिनियम, मंजूर झाला. एल्फिन्स्टनच्या १८२७ च्या रेग्युलेशनांनी जी व्यवस्था सुरू केली होती, तिला या कायद्याने पक्का आकार दिला. जिल्ह्याला जिल्हा न्यायाधीश आणि त्यांच्या हाताखाली प्रथम व द्वितीय वर्गाचे दुय्यम न्यायाधीश, अशी ती रचना होती. द्वितीय वर्गाच्या न्यायाधीशाला ५,००० रुपयांपर्यंतचे दावे चालवता येत. लोकांच्या तोंडी मात्र तो ‘मुन्सफ’ किंवा ‘सबजज्ज’च राहिला.

या दुय्यम जागांवर शिकलेली भारतीय माणसे येऊ लागली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८७१ मध्ये पुण्यात प्रथम वर्ग दुय्यम न्यायाधीश झाले आणि १८९३ मध्ये उच्च न्यायालयावर गेले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्यासारख्यांच्या न्यायासनाखाली शिरस्तेदार, नाझर, कारकून, बेलिफ आणि पट्टेवाले यांची उतरंड होती. दप्तर शिरस्तेदाराच्या ताब्यात असे. पैसा, जप्तीचा माल आणि बजावणी हे नाझराचे खाते. कारकून रोजनामा, म्हणजे रोजच्या कामकाजाची नोंद, लिहीत. ही कामाची वाटणी इतकी पक्की होती की तिच्या पुष्कळ खुणा आजच्या न्यायालयातही दिसतात. नाझराची जागा आजही आहे, रोजनामाही रोज लिहिला जातो.

जुन्या दप्तरांत मोडी लिपीचे कागद पुष्कळ. खोतीची, इनामाची किंवा जुन्या वाटणीची फाइल उघडली, की आजही मोडी वाचणारा माणूस शोधावा लागतो. एक विशिष्ट कौशल्य असलेला सेवक निवृत्त झाला आणि त्याची जागा तशाच जाणकाराने भरली नाही, तर दप्तर असूनही मुके होते. अभिलेख कक्षाचा हा अनुभव पुढच्या सगळ्या चर्चेत ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

महाडच्या दाव्याने दिलेला धडा

आपल्या जिल्ह्यातल्या न्यायालयीन इतिहासातला सर्वांत मोठा दावा महाडच्या चवदार तळ्याचा. मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली त्या तळ्याच्या पाण्यावरील हक्कासाठी सत्याग्रह झाला. त्याच वर्षी १२ डिसेंबरला काही सवर्णांनी महाडच्या दुय्यम न्यायाधीशांकडे दावा लावला आणि दोनच दिवसांनी तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. तो हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला. मूळ दाव्याचा निकाल १९३१ मध्ये बाबासाहेबांच्या बाजूने लागला. वादींचे अपील ठाण्याला गेले आणि तिथे १९३३ मध्ये फेटाळले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने अखेरचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी दिला.

सामाजिक न्यायाच्या दृष्टीने हा दावा फार मोठा आहे, त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. न्यायालयाच्या कामकाजाच्या अंगाने पाहिले तर त्यात तीन गोष्टी दिसतात. मनाई हुकूम दोन दिवसांत निघू शकतो, पण एका सार्वजनिक तळ्याच्या हक्काचा निकाल लागायला नऊ वर्षांहून अधिक काळ लागतो. कुलाबा जिल्ह्यातल्या दाव्याचे अपील तेव्हा ठाण्याला जात असे, म्हणजे महाडच्या पक्षकाराला आणि महाडच्या दप्तरालाही तितका प्रवास करावा लागे. आणि या तिन्ही पायऱ्यांवर साक्षी उतरवून घेणारे, नकला करणारे, दप्तर बांधून पाठवणारे हात होते. त्यांच्या कामातली ढिलाई किंवा तत्परता निकालाच्या वर्षांत मिसळलेली असते. इतिहासात त्यांची नावे नाहीत, पण या दाव्याची कागदपत्रे टिकली ती त्यांच्यामुळे.

स्वातंत्र्यानंतर

राज्यघटनेच्या अनुच्छेद ५० ने न्यायव्यवस्था कार्यकारी सत्तेपासून वेगळी करण्याचे तत्त्व दिले. अनुच्छेद २३५ ने जिल्हा व दुय्यम न्यायालयांवरचे नियंत्रण उच्च न्यायालयाकडे सोपवले. मुंबई राज्याने न्यायिक व कार्यकारी कामे वेगळी करणारा कायदा १९५१ मध्येच केला, देशात तो पुष्कळ आधीचा होता. पुढे १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली आणि ही विभागणी देशभर पक्की झाली.

कागदावर ही सत्तेची विभागणी होती, पण तालुक्याच्या कचेरीत त्याचा अर्थ कामाची भर असा झाला. एकाच न्यायाधीशापुढे सकाळी फौजदारी बोर्ड आणि दुपारी दिवाणी बोर्ड. सेवकवर्गालाही दोन्ही कायद्यांच्या नोंदवह्या, दोन्ही मॅन्युअल, मुद्देमाल आणि कोर्ट डिपॉझिट असे सगळे सांभाळायचे. १९८१ मध्ये कुलाब्याचा रायगड झाला. धाटावसारख्या औद्योगिक वसाहती आल्या, जमिनींचे भाव चढले, महामार्ग आणि कोकण रेल्वे आली, आणि दाव्यांचा पोतच बदलला.

प्रत्येक नवा कायदा न्यायालयात एक नवी नोंदवही घेऊन येतो. धनादेश न वटल्याबद्दलचे कलम १३८ हे १ एप्रिल १९८९ पासून लागू झाले, आणि पतसंस्था-बँकांच्या तक्रारींचे गठ्ठे तालुका न्यायालयांत आले. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा ऑक्टोबर २००६ मध्ये अमलात आला, त्याचे अर्जही याच न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे. पळस्पे ते इंदापूर हा महामार्गाचा ८४ किलोमीटरचा टप्पा रुंद होऊ लागला आणि खांबसारख्या गावांतल्या जमिनी संपादनात गेल्या. त्यातल्या मोबदल्याचा वाद आधी लवादाकडे आणि मग जिल्हा न्यायालयात जातो. संसद कायदा करते, राज्य त्याची अंमलबजावणी जाहीर करते, पण त्या कायद्यामुळे तालुक्याच्या कचेरीत किती लिपिक वाढले पाहिजेत, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारत नाही. न्यायमूर्ती एम. जगन्नाथ राव समितीने २००८ मध्ये नेमके हेच सुचवले होते. कोणताही कायदा करताना त्याचा न्यायालयांवर किती भार पडेल याचा अंदाज आधी मांडावा आणि तशी तरतूद करावी, असे त्या समितीचे म्हणणे. ही सूचना अमलात आली असती, तर आज तालुक्यातल्या लिपिकाच्या टेबलावरचा ढीग निम्म्याने तरी कमी दिसला असता, असे आम्हांला मनापासून वाटते.

एक बजावणी

सेवकवर्गाच्या कामाचे मोल कळायचे असेल तर खांब पंचक्रोशीतली एक साधी बजावणी पाहावी. वाटपाचा दावा दाखल झाला, समन्स निघाले. बेलिफ एसटीने किंवा स्वतःच्या दुचाकीने गावात येतो. प्रतिवादीचे घर दाखवायला पोलीस पाटील किंवा शेजारी लागतो. दारात म्हातारी बसलेली असते.

“काकी, दादा कुठे असतात?”

“मुंबैला. गणपतीला येतील.”

कोकणातल्या निम्म्याअधिक दाव्यांची कथा इथे अडते. पुरुष चाकरमानी, घरात बायका आणि म्हातारी माणसे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या मूळ शब्दांप्रमाणे प्रतिवादी घरी नसेल तर समन्स कुटुंबातल्या प्रौढ पुरुषाकडे द्यायचे होते. १९७६ च्या दुरुस्तीने ‘स्त्री असो वा पुरुष’ असे शब्द आले. ही दुरुस्ती ज्याने वाचली आहे, समजून घेतली आहे, तो बेलिफ त्या काकींना मजकूर वाचून दाखवतो, त्या प्रतिवादीबरोबर एकत्र कुटुंबात राहतात का याची खात्री करतो आणि त्यांची सही किंवा अंगठा घेतो. घराला कुलूप असेल तर दाराला प्रत चिकटवायची, घर कोणी ओळखून दिले, किती वाजता, कोणासमक्ष, हे सगळे अहवालात लिहायचे. हा अहवाल नीट लिहिलेला असेल तर बजावणी झाली असे न्यायालय मानू शकते. तो अपुरा असेल तर पुढच्या तारखेला पुन्हा समन्स, पुन्हा भत्ता, पुन्हा तीच एसटी. दाव्याची सहा महिन्यांची प्रगती किंवा अधोगती अशी त्या चार ओळींच्या अहवालावर ठरते.

म्हणून बेलिफाचे प्रशिक्षण ही दुय्यम बाब नाही. सध्या ‘एनस्टेप’ या व्यवस्थेने बेलिफाच्या हाती मोबाइल आला आहे. बजावणीच्या जागेची नोंद, छायाचित्र आणि सही तिथल्या तिथे घेता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरी सुरक्षा संहितेने फौजदारी समन्स इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही बजावण्याची सोय केली. यंत्र उपयोगी आहेच. तरीही कातकरी वाडीवर समन्स घेऊन जाणाऱ्याला तिथली बोली कळली पाहिजे, कागदात काय लिहिले आहे ते सोप्या शब्दांत सांगता आले पाहिजे, आणि समोरच्याची भीती घालवता आली पाहिजे. हे माणसाने माणसाला शिकवायचे काम आहे.

आयोग आणि निकाल

देशपातळीवर सुरुवातीला सुधारणेचा सगळा भर न्यायाधीशांच्या संख्येवर राहिला. विधी आयोगाने १९८७ च्या १२० व्या अहवालात दाखवून दिले की दहा लाख लोकसंख्येमागे न्यायाधीशांची संख्या सुमारे १०.५ इतकीच आहे, आणि ती ५० करावी असे सुचवले. सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या ऑल इंडिया जजेस असोसिएशनच्या निकालात ही ५० ची कसोटी उचलून धरली. २००७ मध्ये मलिक मजहर सुलतान प्रकरणात रिक्त जागा भरण्याचे कालपत्रकच घालून दिले, म्हणजे जाहिरात कधी, परीक्षा कधी, नेमणूक कधी याच्या तारखा ठरल्या.

सेवकवर्गासाठी महत्त्वाचा टप्पा न्यायमूर्ती के. जगन्नाथ शेट्टी आयोगाचा. १९९६ मध्ये नेमलेल्या या आयोगाने न्यायाधीशांच्या वेतनाचा अहवाल १९९९ मध्ये दिला आणि न्यायालयीन कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा व सेवाशर्तींचा स्वतंत्र अहवाल २००३ मध्ये. बेलिफ, लिपिक, लघुलेखक, शिपाई यांची कामे एका राष्ट्रीय आयोगाने बारकाईने पाहिली, ही मोठी गोष्ट होती. त्या शिफारशी राज्यांनी लागू कराव्यात म्हणून पुढे सर्वोच्च न्यायालयाला २००९ मध्ये आदेश द्यावे लागले.

फास्ट ट्रॅक न्यायालयांचा अनुभवही यातच मोडतो. अकराव्या वित्त आयोगाच्या निधीतून देशभर १,७३४ न्यायालये मंजूर झाली. काम पुष्कळ झाले, पण केंद्राची मदत ३१ मार्च २०११ रोजी थांबली आणि या न्यायालयांचे व तिथल्या माणसांचे काय करायचे, हा प्रश्न राज्यांपुढे पडला. कायम पदे निर्माण न करता उभारलेले न्यायालय निधी संपला की डळमळते, हे त्यातून दिसले.

तेराव्या वित्त आयोगाने २०१० ते २०१५ या काळात न्यायदानासाठी ५,००० कोटी रुपये दिले, त्यात कोर्ट मॅनेजर हे नवे पद होते. व्यवस्थापनाची पदवी घेतलेला माणूस न्यायालयात बसवायचा आणि जागा, माणसे, खरेदी, आकडेवारी यांचा भार न्यायाधीशांच्या डोक्यावरून काढायचा, हा त्यामागचा विचार. विचार उत्तम होता. पण निधीची मुदत संपल्यावर बऱ्याच ठिकाणी ही माणसे कंत्राटी म्हणून अधांतरी राहिली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यांना सेवेत कायम करण्यास सांगितले. मे २०२५ मध्ये पुन्हा सर्व उच्च न्यायालयांना नियम करण्याचे निर्देश द्यावे लागले आणि त्यासाठी आसामचे २०१८ चे नियम नमुना म्हणून पुढे ठेवले. चांगली योजना आखणे आणि ती माणसांच्या हक्काच्या नोकरीत उतरवणे, यांत किती अंतर पडते ते या पंधरा वर्षांतून कळते.

भरतीची नवी रीत

पूर्वी जिल्ह्याची भरती जिल्ह्यापुरती, जिल्हा न्यायाधीशांच्या पातळीवर होत असे. नेमणुकीचा अधिकार आजही प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडेच आहे, पण निवडीची प्रक्रिया उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली राज्यभर एकत्र होऊ लागली. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या जिल्हा न्यायालयांसाठी ४,६२९ जागांची जाहिरात निघाली. त्यात लघुलेखक ५६८, कनिष्ठ लिपिक २,७९५ आणि शिपाई-हमाल १,२६६ होते. ऑनलाइन अर्ज, ठरलेली परीक्षा, मराठी व इंग्रजी टंकलेखनाची कसोटी आणि निवड यादीबरोबर प्रतीक्षा यादी, अशी ती रीत. खेड्यातल्या पदवीधर मुलामुलींना वशिल्याशिवाय न्यायालयात जाण्याचा रस्ता यामुळे दिसला. आमच्या पंचक्रोशीतही या परीक्षेची तयारी करणारे तरुण भेटतात, याचा आनंद वाटतो.

शिपाई-हमालाच्या जागेसाठी सातवी उत्तीर्ण एवढी अट असते, पण अर्ज करणाऱ्यांत पदवीधर असतात. हा बेरोजगारीचा पुरावा आहेच. त्याचबरोबर ती न्यायालयाला मिळालेली संधीही आहे. पदवीधर शिपायाला पुढे लिपिकाची वाट मोकळी ठेवली, त्याला संगणक शिकवला, तर तेच न्यायालय दहा वर्षांत भक्कम होईल.

संगणक आणि माणूस

ई-कोर्ट प्रकल्प २००७ मध्ये सुरू झाला. त्यातली ‘सीआयएस’ ही संगणक प्रणाली पुण्याच्या राष्ट्रीय सूचना केंद्रात घडली, याचा महाराष्ट्राला अभिमान आहे. २०१५ मध्ये राष्ट्रीय न्यायिक माहिती जाळे लोकांसाठी खुले झाले. २०२३ मध्ये तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्राने ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. आता खांबमध्ये बसून मोबाइलवर तारीख कळते, त्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवावी लागत नाही. ही फार मोठी सुधारणा आहे.

पण मोबाइलवर दिसणारी तारीख कोणीतरी संध्याकाळी बसून भरलेली असते. बोर्ड उठल्यावर बेंच क्लार्क रोजनामा लिहितो, मग तोच मजकूर प्रणालीत घालतो, शिवाय जुन्या नोंदवह्याही चालू असतात. लोक अदालतीच्या आधीचे आठवडे नोटिसांच्या ढिगात जातात. जुन्या फाइलींचे स्कॅनिंग, ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ अशी वर्गवारी करून मुदत संपलेल्या कागदांची विल्हेवाट, हेही त्यांच्याच हातून. कागद आणि संगणक अशी दुहेरी नोंद जिथे टळू शकते तिथे ती टाळणे, हा सुधारणेचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

पुढची वाट

अमेरिकेत १९७१ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल सेंटर फॉर स्टेट कोर्ट्स या संस्थेने खटल्यांना वजन देण्याची पद्धत रूढ केली. वाहतुकीच्या दंडाचा खटला आणि जमिनीच्या वाटपाचा दावा यांना सारखा वेळ लागत नाही, मग दोन्ही एकेकच का मोजायचे, हा साधा विचार त्यामागे आहे. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाच्या राष्ट्रीय न्यायालय व्यवस्थापन समितीने न्यायाधीशांची संख्या ठरवताना याच दिशेने विचार केला. आता हेच माप सेवकवर्गाला लावायला हवे. डोंगरवाड्यांची बजावणी किती, किती साक्षी उतरवायच्या, किती नकला द्यायच्या, यावरून रोहा, पेण, माणगाव, महाड अशा प्रत्येक न्यायालयाची गरज मोजावी.

आमच्या मते चार गोष्टी तातडीने व्हाव्यात. सेवानिवृत्तीची तारीख आधीपासून माहीत असते, म्हणून जागा रिकामी होण्याआधीच प्रतीक्षा यादीतून माणूस तयार ठेवावा. न्यायाधीशांना जशी उत्तनच्या महाराष्ट्र न्यायिक अकादमीत शिकवणी मिळते, तशी नियमित शिकवणी बेलिफ आणि लिपिकांनाही मिळावी, आणि ती जिल्ह्याच्या ठिकाणी, मराठीतून मिळावी. १९९८ मध्ये राज्यातल्या दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी ठरली, तेव्हा उत्तम मराठी लिहिणारा लघुलेखक ही चैन उरली नाही, ती गरज झाली; म्हणून तसे लघुलेखक प्रत्येक न्यायालयाला मिळावेत. आणि कोर्ट मॅनेजरचे पद कायम करताना त्याची नजर अलिबागच्या मुख्यालयापुरती न राहता तालुक्यांपर्यंत पोहोचावी.

आंग्र्यांचे राज्य गेल्यापासून आजवर आपल्या जिल्ह्यातल्या न्यायालयांनी कायदे बदललेले पाहिले, भाषा बदललेली पाहिली, जिल्ह्याचे नावही बदललेले पाहिले. या साऱ्या बदलांत तालुक्याची कचेरी उघडी राहिली ती तिथल्या कमी पगाराच्या, जास्त कामाच्या माणसांमुळे. त्यांच्या जागा वेळेवर भरणे, त्यांना शिकवणे आणि बढतीची वाट देणे हे राज्याचे त्यांच्यावरचे उपकार नव्हेत. खांबच्या शेतकऱ्याला दिलेल्या न्यायाच्या वचनाचाच तो भाग आहे, आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात त्याच मानाने दिसायला हवा.